बस, बेटा

दादांनी आयुष्यात एकही गेम खेळला नाही. सगळा जन्म ह्याच धंद्यात गेला, आधी व्हिडिओ गेमचं पार्लर, मग गेमच्या कॅसेटचं दुकान, मग गेम बनवणारा आमचा तो सात टाळक्यांचा स्टुडिओ, पण रिमोट हातात घ्यायचे ते फक्त तो बिघडलाय का ते बघायला. बटण दाबून कानाशी न्यायचे, टकटक आवाज ऐकायचे आणि खाली ठेवायचे. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "मी खेळत बसला तर गिऱ्हाईक कोण बघणार?"

आणि ते खरंच गिऱ्हाईक बघायचे. म्हणजे शब्दशः. एक लाल प्लास्टिकचं स्टूल होतं, ते टीव्हीच्या बाजूला टाकायचं, स्क्रीनकडे पाठ करायची आणि खेळणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचं. नवीन माणूस आधी बिचकायचा. मीही बिचकले होते. मग सवय व्हायची. कुठला गेम चालेल, कुठला पडेल हे दादा तोंडं बघून सांगायचे आणि वैताग म्हणजे ते बरोबर यायचं. "खांदे वर गेला की गेम चांगला," ते म्हणायचे, "आणि वरच राहिला की गेम खराब. मग त्याला मजा नाही येत, त्याला सुटता नाही येत."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे उल्हासनगरात दादा म्हणजे गुंड नव्हे. सिंधी लोक वडीलधाऱ्या माणसाला मानाने दादा म्हणतात. हे दादा इतके बारीक होते की गुंड सोडा, रिक्षावालासुद्धा त्यांना दबायचा नाही. पांढरा हाफ शर्ट, खिशाला काळा मार्कर, आणि मराठी अशी की त्यात सगळं जग पुल्लिंगी. खुर्ची तुटला, बायको रागावला, लाईट गेला. मला पहिल्या दिवशी म्हणाले, "तू आला? ये बेटा." मी दोन-चार वेळा सुधारलं, मग नाद सोडला. एकदा त्यांनी रिसेप्शनला ठेवलेल्या मनीप्लँटला "ती" म्हटलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

खिशातल्या मार्करची गोष्ट मी लहान असतानाची आहे. तेव्हा आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. बाबा केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. दहावीत चांगले मार्क मिळाले म्हणून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन देतो म्हणाले आणि मला उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेले. तेव्हा त्या पिवळ्या कॅसेट मिळायच्या, वरती ठसठशीत लिहिलेलं असायचं "९९९९ इन १". सगळ्या दुकानांत तेच. आम्ही दादांच्या दुकानात गेलो तर तीच कॅसेट, तोच डबा, पण त्या चार नवांवर काळ्या मार्करने काट मारलेली आणि बाजूला हाताने लिहिलेलं: "सात".

बाबांनी विचारलं, "हे काय?"

"गेम सातच आहे साहेब. बाकी तेच तेच परत येतो. कुठे रंग बदलतो, कुठे नाव बदलतो. मी माणूस बसवून मोजून घेतला."

"मग इथे सात लिहिलेलं मी का घेऊ? समोर नऊ हजार देतायत."

"तिकडून घ्या ना," दादा शांतपणे म्हणाले. "पण मुलगा शंभर गेम उघडून बघेल, मग रडेल. इकडून घेतला तर सातच उघडेल आणि खेळेल."

माल नकली होता, डबा नकली होता, कंपनीचं नाव तर इतकं नकली की स्पेलिंगही चुकलेलं. त्याबद्दल दादांना काडीचं वाटायचं नाही. आकडा मात्र खरा पाहिजे. अख्खा बाजार त्यांना येडा म्हणायचा. पण वांगणी-कर्जतहून माणसं विचारत यायची, ते खऱ्या आकड्याचं दुकान कुठे आहे म्हणून. बाबांनी ती कॅसेट घेतली. सात गेम मी दोन वर्षं खेळले.

त्याच्याही आधी त्यांचं पार्लर होतं. ते मी पाहिलेलं नाही, पण उल्हासनगरच्या कॅम्प चार वस्तीत चाळिशीच्या कुणाही माणसाला विचारा. टोकन टाकायचं आणि खेळायचं. दादांचे दोन नियम. एक, पुढचं टोकन घ्यायच्या आधी माठातलं पाणी प्यायचं. दुसरं, दादा तुमच्या डोळ्यांसमोर हात आडवा धरून म्हणाले, "बस बेटा, आता बस," की उठायचं. खिशात टोकन उरलेलं असलं तरी उठायचं. टोकन उद्या चालेल. चांगले नोकरीवाले बाप्येसुद्धा तो हात आडवा आला की मुकाट उठायचे म्हणे. आणि बाहेर येऊन बघावं तर दादांनी सगळ्यांच्या चपला फिरवून ठेवलेल्या, तोंडं रस्त्याकडे. पाय घातला की निघालात. कुणाच्याही चपला आत तोंड करून राहिलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. ही खोड स्टुडिओतही होती. क्लायंट आला, त्याने बूट काढले, की आमचे मालक वाकून आधी त्याचे बूट फिरवणार. क्लायंटला वाटायचं, हाकलतायत.

कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. सीडी गेल्या आणि सगळं फोनमध्येच यायला लागलं, तेव्हा दुकानात विकायला काही उरलंच नाही. दुसरा कुणी असता तर मोबाईलची कव्हरं विकली असती. दादांनी जीन्सच्या कारखान्याच्या वरचा गाळा घेतला, खालून शिलाई मशीनची घरघर, आणि गेम बनवायची कंपनी काढली. मी तेव्हा एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहून कंटाळले होते, लग्न होऊन बदलापूर गावात आले होते. गेमच्या कंपनीत मराठी लिहिणारा माणूस पाहिजे म्हणून कळलं, गेले, तर समोर मार्करवाले दादा. त्यांनी मला ओळखलं नाही. मी "सात" म्हटलं, तेव्हा खूप हसले.

आता ह्या धंद्याचं गणित सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाबरू नका, सोपं आहे आणि जरा ओंगळ आहे. फोनवरचा गेम फुकट असतो. मग कंपनी जगते कशावर? तुम्ही जाहिरात बघता त्यावर, आणि शंभरात एखादा येडा गेममधले हिरे-बिरे विकत घेतो त्यावर. पण मुळात तुम्हाला गेमपर्यंत आणायलाच कंपनीला खर्च येतो, कारण तिलाही जाहिरात द्यावी लागते. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा कंपनी खड्ड्यात असते. तुम्ही जितका वेळ थांबाल तितकी ती वर येते. पाच मिनिटांत उठलात तर मेली. म्हणून ह्या धंद्यात सगळी हुशार डोकी एकाच गोष्टीमागे लागलेली असतात: माणूस उठता कामा नये. त्याला इंग्रजीत गोड नाव आहे, रिटेन्शन.

हे मी दादांना समजावलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "परत येतो ते चांगला आहे. पण थांबून राहतो ते कशाला? त्याला घर नाही?"

"दादा, तो घरातच असतो. फोन आहे."

"मग तर अजून वाईट," दादा म्हणाले.

असल्या माणसाने फुकटच्या गेमचा धंदा करायचा म्हणजे बघा. तरी आम्ही एक गेम बनवला. "पापड पहारा". गच्चीवर पापड वाळत घातलेत, कावळे येतात, कबुतरं येतात, मधेच ढग येतो, ते सांभाळत पापड उलटायचे. चित्रं सुंदर होती, कावळा तर इतका आगाऊ होता की लोक त्याच्यासाठी खेळायचे. दादांची एकच अट. वीस मिनिटं झाली की गच्चीवरचं ऊन उतरायला लागणार, आणि दादांच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येणार, बस बेटा, आता बस. पडद्यावर मोठ्या अक्षरात "बस", एक उघडं दार आणि चपलांचा जोड, तोंडं बाहेर. कुलूप नाही. खेळायचंच असेल तर माणूस खेळू शकतो. पण कुणीतरी एकदा म्हणायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी मराठीसाठी "आता पुरे" लिहून दिलं होतं. दादांनी दोनदा म्हणून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "पुरे, पुरे... पुऱ्या तळल्यासारखा वाटतो. मी जन्मभर बस बोलला, लोक उठला. बसच ठेव." मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे, राहू दे. हिंदीत बस, मराठीत बस. आवाज रेकॉर्ड झाला. कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्यासुद्धा, आणि मला त्याचाच पगार मिळत होता.

गेम बाहेर आला त्या रविवारी मी सासूबाईंच्या फोनमध्ये घालून दिला. सासूबाई म्हणजे जन्मभर भातशेती केलेली बाई. जमिनीवर बिल्डिंग झाली, त्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, शेत गेलं, पण पाय काही थांबले नाहीत. सकाळी पाचपासून ह्या खोलीतून त्या खोलीत. त्या गेमसुद्धा उभ्यानेच खेळत होत्या, ओट्याला टेकून, एक डोळा कुकरवर. पापड म्हटल्यावर रंगल्या. वीस मिनिटं झाली. फोनमधून दादा म्हणाले, "बस बेटा, आता बस."

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तोंडावर हात ठेवून बेडरूममध्ये जाऊन हसले. अहो, बस! पार्लरमध्ये हात आडवा यायचा, चेहरा दिसायचा, म्हणून अख्ख्या गावाला कळायचं की बस म्हणजे पुरे. फोनमध्ये हात कुठून येणार? नुसता आवाज. आणि मराठी माणसाला प्रेमाने कुणी "बस बेटा, आता बस" म्हटलं तर तो काय करेल? दादांनी लोकांना उठवायला ठेवलेला शब्द आम्हा मराठी लोकांना पाट मांडून बसवत होता. सोमवारी दादांना सांगायचं ठरवलं. कशी नक्कल करून सांगायची तेही ठरवलं.

सोमवारी गेले तर ऑफिसात जल्लोष. आकडे आले होते. हिंदीवाले वीस मिनिटं झाली की शहाण्यासारखे उठून जात होते. मराठीवाले उठतच नव्हते. बंगळूरच्या एका मोठ्या पब्लिशर कंपनीचा फोन येऊन गेला होता. पब्लिशर म्हणजे गेम आपला, जाहिरातीचा खर्च त्यांचा, मिळकत वाटून. असा पब्लिशर मिळाला तर स्टुडिओ जगणार होता, नाहीतर दिवाळीच्या पुढे निघत नव्हतं, हे आम्हा सातही जणांना माहीत होतं. दुपारी व्हिडिओ कॉल झाला. तिकडची बाई फार सभ्य. तिने सरळ मला विचारलं, "मराठीत तुम्ही नेमकं काय केलंय? आम्हाला तेच सगळ्या भाषांत हवंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. दादा तर कौतुकाने.

मी म्हटलं, "आमच्या लोकांना पापड फार आवडतात."

दादांनी संध्याकाळी शेवेची मिठाई आणली. "आमचा मॅडमचा मराठी!" म्हणून मला डबल तुकडा दिला. मी खाल्ला. एकच शब्द दोघींनी ऐकला होता. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि मी गप्प बसले.

असा दीड महिना गेला. रोज वाटायचं आज सांगू. मग वाटायचं, करार होऊ दे, मग सांगू. सात घरांचा प्रश्न आहे, मी एकटीने कशाला तोंड उघडू. आपल्याला गप्प राहायचं असलं की कारणं किती भराभर सुचतात! करार टाईप होऊन आला होता. सहीच्या आधी दादा मला म्हणाले, "आकडा बघितला, चेहरा नाही बघितला. हा मराठी माणूस उठत का नाही? मला एक मराठी गिऱ्हाईक दाखव. तुझा सासू खेळतो ना?"

मी किती टाळायला बघितलं. घर लांब आहे, जिना चढावा लागेल, आईंना बरं नाही. ते शनिवारी दुपारी हजर, हातात ते लाल स्टूल. स्टूल कशाला आणलं म्हटलं तर म्हणे, "तुमच्याकडचा उंच असला तर?"

स्टूल टाकलं, फोनकडे पाठ केली आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघत बसले. सासूबाईंना परक्या पुरुषाने असं बघितलेलं कसं चालावं, पण कावळ्याच्या नादात त्या विसरल्या. मी त्यांच्या मागे, ओट्याला टेकून उभी. ऊन उतरलं. फोन बोलला.

"बसलेय रे बाबा, बसलेय," सासूबाई फोनला म्हणाल्या आणि मांडी नीट घालून पुढे खेळायला लागल्या.

दादांनी एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग परत सासूबाईंकडे. "आई, काय बोलला तो?"

"बस म्हणतो. रोज म्हणतो. गोड आहे मेला." सासूबाईंचे डोळे पापडांवरच होते. "पन्नास वर्षं झाली ह्या घरात येऊन. कुणी म्हटलं नाही हो, बस म्हणून. हा एकटाच म्हणतो."

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तर बरं वाटलं असतं. मला दोन्हीकडून लाज वाटली, मालकासमोर आणि सासूसमोर. बारा वर्षं त्यांच्या हातचं खात होते, मीही कधी म्हटलं नव्हतं.

दादा उठले, सासूबाईंना नमस्कार केला, स्टूल उचललं. दाराबाहेर सवयीने आमच्या सगळ्यांच्या चपला फिरवल्या आणि जिना उतरून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

सोमवारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "माझा चूक झाला," म्हणाले. "माझा मराठी कच्चा आहे. मी लोकांना ऊठ बोलतो असा समजला, आणि मी त्यांना बस बोलत होता. तुम्ही सगळा मेहनत केला, मला माफ करा." हात जोडले त्यांनी. सत्तरी गाठलेल्या माणसाने. आणि मी, जिला ही चूक दीड महिना आधी कळली होती, ती खाली मान घालून वहीत चौकोन काढत राहिले. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर काय झालं असतं? काही नाही. नोकरीसुद्धा गेली नसती. पण नाही बोलले.

त्याच दिवशी नवीन आवाज भरला: "पुरे बेटा. आता ऊठ." पुऱ्या तळल्यासारखा वाटला तरी भरला. पंधरा दिवसांत मराठीचा आकडा हिंदीच्या रांगेला येऊन बसला. बंगळूरच्या बाईचा फोन आला, काय बिघडलं विचारायला. दादांनी खरं ते सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, मग जुना शब्द परत टाका ना, इतकी सुंदर चूक आहे.

तेव्हा मात्र मी दादांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. "एक शब्द, दादा! कुणाला फसवत नाही आपण. माझ्या सासूला तो शब्द आवडतो, तुम्ही स्वतः बघितलंत."

"हो बघितला," दादा म्हणाले. "आईला बस बोलणारा माणूस पाहिजे बेटा. माझा फोनवाला बस नको. तो बसवून जाहिरात दाखवतो." मग खिशातला मार्कर काढून टेबलावर ठेवला. "डब्यावर मी सात लिहिला. आता नऊ हजार कसा लिहू?"

मी दार आपटून बाहेर आले. करार झाला नाही. दिवाळीला दादांनी सगळ्यांना शेवटचा पगार आणि एकेक कॅसेट दिली, जुनी, पिवळी, सात लिहिलेली. मला त्या बंगळूरच्या कंपनीनेच बोलावून घेतलं. तुमच्या मराठीची आम्हाला कदर आहे, ती बाई म्हणाली. घरून काम, दुप्पट पगार. म्हणजे दादांचा शब्द गेला, करार गेला, आणि त्या चुकीवर माझं मात्र भलं झालं.

सासूबाईंनी नवा आवाज ऐकला. "हाही घरच्यांसारखाच निघाला. ऊठ म्हणतो," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या. परत तो गेम उघडला नाही. मी त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांना "बसा आई" म्हणते. पहिले काही दिवस त्यांना वाटलं मला काहीतरी मागायचंय.

नव्या नोकरीत माझं कामच ते आहे, माणूस उठू नये असं मराठी लिहायचं. "थांबा, तुमची भेट राहिली!" "अरेच्चा, एवढ्यात?" मी चांगली आहे ह्यात. पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी हाताखाली आली. तिच्याकडून एका गेममध्ये चुकीचा शब्द गेला होता, आणि योगायोग बघा, त्यानेही आकडे वाढले होते. चूक कळल्यावर तिने पाच मिनिटांत फोन केला, "मॅडम, माझं चुकलंय, पण आकडे चांगले आलेत, तरी सांगून ठेवते." झालं. एवढंच होतं ते काम. मी फोन ठेवला. रविवारी उठून उल्हासनगरला गेले.

दादा घरी एकटेच होते. बायको सत्संगाला गेली होती. गुडघे गेलेत, काठी आली आहे, बाकी तेच, हाफ शर्ट आणि खिशाला मार्कर. "तू आला? ये बेटा." मी चप्पल काढली. त्यांना आता वाकता येत नाही, तर त्यांनी दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या काठीच्या टोकाने माझ्या चपला फिरवल्या. एक, मग दुसरी. तोंडं बाहेर.

"आई कसा आहे? बसतो का?"

"बसतात आता," मी म्हटलं. आणि मग उभ्या उभ्याच, पाणीसुद्धा न घेता, सगळं सांगून टाकलं. "दादा, मला माहीत होतं. तुम्ही आमच्या घरी यायच्या दीड महिना आधीपासून. पहिल्या रविवारीच कळलं होतं. तुमची मराठी कच्ची नव्हती, ती बघायचं काम माझं होतं. तुम्ही हात जोडलेत आणि मी..."

दादा माझ्याकडे बघत होते. तसेच, पार्लरवाले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी आईचा चेहरा बघत होता मी. तू मागे उभा होता. तुझा पण बघितला."

"मग सगळ्यांसमोर माफी तुम्ही का मागितलीत?"

"आवाज कोणाचा होता? माझा." त्यांनी काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. "आणि तुझे खांदे वर होते बेटा. मी बोललो असतो तर अजून वर गेले असते. वाटलं, खाली यायचे तेव्हा येशील."

हे शेवटचं ते नीट, शुद्ध मराठीत बोलले, का मलाच तसं ऐकू आलं, देव जाणे. मी रडत होते. पाच वर्षं मी एकटीच लपवत होते आणि ज्याच्यापासून लपवत होते त्याला त्या शनिवारपासून माहीत. लाजेने तिथे उभं राहवेना. येते दादा, म्हणून मी दाराकडे वळले, डोळे पुसत चपला शोधायला लागले.

"बस," दादा म्हणाले.

मी थांबले. रडणं बस, की बोलणं बस, की आणखी काही, मला खरंच कळलं नाही. मागे वळून बघितलं. दादांनी काठी पुढे केली होती आणि टोकाने माझी एक चप्पल हळूहळू फिरवत होते. ती घराकडे तोंड करून लागली, मग दुसरी फिरवायला घेतली. तिला जरा वेळ लागला. दोन्ही आत तोंड करून लागल्या तेव्हा त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि समोरच्या लाल स्टुलाकडे बोट केलं.

मी बसले.